ई-वन काढून सिप ट्रंक घेताना

ऑफिसच्या फोनसाठी येणाऱ्या जुन्या ई-वन या डिजिटल लाइनवर २०४८ केबीपीएसमध्ये ३० कॉल बसायचे, प्रत्येकाला ६४ केबीपीएसची राखीव वाट. बोला नाहीतर गप्प बसा, वाट तुमचीच. सिप ट्रंक म्हणजे डेटा लाइनवरून चालणारे फोन; तिथे आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, जातो, आणि तशी राखीव वाट नसते. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाजाचा डेटा करायची पद्धत) साधारणपणे दर २० मिलिसेकंदांचा आवाज १६० बाइट होऊन एका पॅकेटात जातो. त्यावर पत्ता, क्रम वगैरे सांगणारे आरटीपी, यूडीपी आणि आयपीचे मिळून ४० बाइट चढतात. इथरनेट धरून एका कॉलला एका दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात. म्हणजे तेच ३० कॉल २.६ एमबीपीएस खातात. २ एमबीपीएसच्या लाइनवर ते मावत नाहीत, आणि हिशेब इथेच चुकतो.

खरा त्रास मात्र जिटरचा, म्हणजे पॅकेटं पोचायच्या वेळेतल्या चढउताराचा. पॅकेटं मागेपुढे पोचली की आवाज तुटतो. पॅकेटं थोडी थांबवून सारख्या अंतराने सोडणारा जिटर बफर वाढवला की तुटणं थांबतं, पण उशीर वाढून दोघं एकदमच बोलायला लागतात. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा. आवाजाच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ ची, म्हणजे ‘आधी मला सोडा’ अशी खूण लावा, आणि मधला प्रत्येक नेटवर्क स्विच ती पाळतोय का, ते तपासाच.

फॅक्स असेल तर आवाज खूप दाबून पाठवणारा जी.७२९ कोडेक नकोच. तो माणसाच्या बोलण्यासाठी बनलाय, फॅक्सचे सूर त्यात टिकत नाहीत. टी.३८, म्हणजे आयपीवरून फॅक्स पाठवायची पद्धत, दोन्ही टोकांना चालू करा.