मूळ कुठे, शेंडा कुठे?

आठवीत निबंधात मी लिहिलं होतं, ‘सुट्टीत रंग दिल्यामुळे आमची शाळा आमूलाग्र बदलली.’ मराठीच्या बाईंनी त्या एका शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘मूळ कुठे, शेंडा कुठे?’

मला वाटलं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो शब्द फळ्यावर फोडला: आ, मूल, अग्र. मुळापासून शेंड्यापर्यंत. भिंतीला रंग दिला तर मूळ हललं का? मग त्यांनी कोशातला सुरवंट सांगितला. आत त्याचं बरंचसं शरीर विरघळतं आणि फुलपाखराचं शरीर नव्यानं घडतं. ‘तिथं खुशाल आमूलाग्र लिही,’ म्हणाल्या.

तो अख्खा तास अशाच शब्दांत गेला. ‘समूळ’मध्येही मूळच आहे, पण तिथं झाड उरत नाही. देवीच्या रोगाचं समूळ उच्चाटन झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८० साली ते जाहीर केलं. तिथं ‘आमूलाग्र’ चालणार नाही, बदलायला रोग उरलाच कुठे? ‘पार’ आणखी वेगळा. तब्येत पार ढासळली, घडी पार विस्कटली असं आपण म्हणतो. ‘तब्येत पार सुधारली’ कानाला खटकतं. त्या दोन अक्षरांत बहुधा हळहळ असते, आणि म्हणूनच तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. ‘झपाट्यानं’ नुसता वेग सांगतो, खोली नाही. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं, हळूहळूही आमूलाग्र बदलू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ‘मुळीच’सुद्धा मुळातूनच आला, फक्त त्याला सोबत नकार लागतो.

आज मी दुसऱ्यांचा मजकूर तपासण्याचं काम करतो. ‘धोरणात आमूलाग्र बदल’ दिसलं की पुढचा परिच्छेद वाचतो. नुसती मुदत वाढलेली असली तर शब्द काढतो. कधी लेखक रागावतात. मी त्यांना बाईंचाच प्रश्न विचारतो.

आता शाळेच्या समारंभाचं निमंत्रण आलंय. त्यात लिहिलंय, ‘शाळेत आमूलाग्र बदल झाला आहे, येऊन पाहा.’ येतो आहे. नवी इमारत पाहीनच. पण बाई, त्या शब्दाखाली रेघ मारायची की नाही, हे मी आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून, मराठीचा एक तास ऐकल्यावर ठरवणार आहे.