तिसरा बोगदा आणि हिंद नगर : सोलहून डीएमझेडची (दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्याची) एक दिवसाची सहल

सोमवार टाळा, त्या दिवशी बोगदा बंद असतो. पासपोर्ट मूळ हवा. मोबाईलमधला फोटो चालत नाही. सीमेजवळच्या इमजिनगाकला, जिथे सहलीची तिकिटं मिळतात, त्या दिवसाची तिकिटं मोजकीच, म्हणून बस सोलहून भल्या सकाळी निघते. पुढे टोंगिल पुलावर सैनिक बसमध्ये चढून पासपोर्ट तपासतो. त्याच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही.

तिसरा बोगदा १९७८ मध्ये सापडला. उत्तर कोरियाने खणलेला, लांबी १,६३५ मीटर, खोली ७३ मीटर, रुंदी-उंची जेमतेम दोन-दोन मीटर. हा कोळशाच्या खाणीचा भाग, असा उत्तरेचा दावा. खडक मात्र ग्रॅनाइट; भिंतीवरचा काळा रंग फासलेला. सुरुंगाची भोकं दक्षिणेकडे रोखलेली आहेत आणि पाणी उत्तरेकडे वाहून जाईल असा उतार दिलाय. गाईडने नाही दाखवलं तरी खणकाम उत्तरेकडून झाल्याचे हे दोन पुरावे आपणहून पाहावेत.

मोबाईल, कॅमेरा लॉकरमध्ये. हेल्मेट पट्टा आवळूनच घाला, उंच माणसांचं डोकं हमखास आपटतं. ३५८ मीटरचा उतार उतरताना सोपा वाटतो. दमछाक येताना होते, कारण चढ वीस-बावीस मजल्यांएवढा आहे. गुडघे, दमा, हृदयविकार असेल तर वरच थांबा. आत तिसऱ्या काँक्रीटच्या भिंतीपाशी वाट संपते. तिथून सीमारेषा १७० मीटरवर.

दोरा निरीक्षण केंद्रावरून समोर उत्तर कोरियातल्या किजोंग-डोंग गावाचा १६० मीटर उंच ध्वजस्तंभ दिसतो, पलीकडे केसाँग शहर. धुकट हवेत मात्र काहीच नाही, फक्त दुर्बिणीची रांग. पानमुंजोमच्या निळ्या खोल्या (सीमारेषेवरच्या, दोन्ही बाजूंच्या बोलणीच्या) नेहमीच्या सहलीत नसतात, बुकिंग करताना बरेच जण इथेच फसतात.

पण त्या दिशेला बघताना एक गोष्ट ठाऊक असावी. कोरियन युद्धातल्या १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणारे दक्षिणेकडच्या ताब्यातले सुमारे २२,६०० युद्धकैदी याच पट्ट्यात तटस्थ म्हणून आलेल्या भारतीय तुकडीकडे सोपवले गेले. तुकडीचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देईनात, म्हणून इंचॉनच्या समुद्रातल्या जहाजांवरून त्यांना हेलिकॉप्टरने थेट इथे आणावं लागलं. या सैनिकांच्या छावणीचं नाव होतं हिंद नगर.