शेपटी हलली पाहिजे

शनिवार, रात्री

दुपारपासून नुसता धो धो चाललाय. सकाळी साळावच्या पुलाखाली जायचं ठरवलं होतं पण उधाणाची भरती, वरून कुंडलिका नदीचं गढूळ पाणी, त्यात जिताडा माशाला माझं लुअर, म्हणजे गळाला लावायचा नकली मासा, दिसायचं म्हणजे त्यानेच चष्मा लावून यायला पाहिजे. मग गळाची दांडी परत खुंटीला टांगली आणि पडवीत ओतकाम काढलं, म्हणजे मऊ प्लास्टिकची लुअर्स घरीच साच्यात ओतायची.

तसा पावसाळा हाच ओतकामाचा सीझन. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, जेट्टीवर सगळं शांत, गप्पा मारायला माणसं मोकळी. काठावरून गरवणाऱ्याला त्या बंदीचं काही नाही, पण पाणीच साथ देत नाही तर काय करणार. बाकीचे लोक या दिवसांत रीळ उघडून ग्रीस लावतात, मी प्लास्टिक उकळतो.

सेटअप म्हणजे पडवीत एक जुना मायक्रोवेव्ह, सेकंडहँड घेतलेला. घरातल्या स्वयंपाकाच्या मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही ही बायकोची अट होती आणि ती शंभर टक्के बरोबर आहे, ज्या काचेच्या कपात प्लास्टिक तापवलं तो कप परत चहाला घ्यायचाच नाही. टेबल फॅन पाठीमागून, म्हणजे वाफ अंगणाकडे जाते. तोंडाला वाफा अडवणाऱ्या फिल्टरचा मास्क, कापडाचा नाही, कापडाने काही होत नाही. पीव्हीसी जास्त तापून करपलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, तिथे हौस वगैरे काही बघत नाही ती. हातात चामड्याचे ग्लोव्ह्ज, पायात बूट. पोरगा म्हणतो बाबा बॉम्ब बनवतात.

लिक्विड प्लॅस्टिसॉल म्हणजे पीव्हीसीची बारीक पावडर प्लॅस्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवलेली असते. बाटली ठेवून दिली की पावडर तळाला बसते, म्हणून आधी मरेस्तोवर हलवायची, आणि मग ते बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत तसंच ठेवायचं. कपात ओतलं तेव्हा दुधासारखं पांढरं आणि पातळ. थोडं थोडं तापवायचं, काढायचं, काडीने हळू ढवळायचं, परत आत. मध्येच एक वेळ अशी येते की ते घट्ट होतं, गुठळ्या धरतं, काडी उभी राहते, नवीन माणसाला वाटतं वाया गेलं. वाया काही गेलेलं नसतं, तापवत राहायचं. १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की सगळं परत पातळ होतं आणि आरपार दिसायला लागतं. तेव्हाच रंगाचे थेंब, चमकी, आणि लगेच ओतायचं. दोनशेच्या पुढे गेलं की पिवळट पडतं आणि मग त्यात कुठलाही हलका रंग टाका, तो जुनाटच दिसतो. लेझरवालं थर्मामीटर फक्त वरचं तापमान सांगतं, त्यामुळे ढवळून मगच बघायचं.

आज मध्येच लाईट गेली. कप अर्धवट तापलेला, गुठळीच्या अवस्थेत. एरवी वैताग आला असता पण याचं एक बरं आहे, गार झालं तरी परत तापवता येतं. मेणबत्ती लावून बसलो आणि हे लिहितोय.

रविवार

लाईट पहाटे आली. सकाळी साचे बघितले तर दोन दमट लागतायत हाताला. पावसात प्लास्टरच्या साच्याचं हे फार. प्लास्टर ऑफ पॅरिस दिसायला कोरडं असतं पण आत पाणी धरून ठेवतं, आणि पाण्याची वाफ १०० अंशाला होते, तुम्ही वरून ओतताय १७५ चं. मग ते फसफसतं, बुडबुडे येतात, माशाच्या पोटाला भोकं पडतात, आणि कधी कधी गरम प्लास्टिक उडतं. म्हणून मास्क, चष्मा, बूट. बरं, वाळवायचे म्हणून साचे फार तापवलेही चालत नाहीत, प्लास्टर घट्ट होताना जे पाणी आत बांधून घेतं तेच निघून जायला लागतं आणि साचा भुसभुशीत होतो. म्हणजे चुलीजवळ ठेवायचे, चुलीवर नाही. आईने भाताच्या टोपाशेजारी जागा दिली आहे, कुरकुरत का होईना.

साच्याचं शिक्षण मी पेणला घेतलं असं म्हणायला हरकत नाही. गणपतीच्या कारखान्यांच्या गावात प्लास्टर आणि शाडू दोन्ही हवं तेवढं मिळतं, आणि फुकट सल्लाही. तिथल्या एका कारागिराने सांगितलं, पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. आणि कालवून झाल्यावर डब्याच्या कडेला बोटाने टकटक करत राहायचं म्हणजे अडकलेली हवा वर येते. ही एवढीशी टकटक नसेल ना तर साच्यात बारीक खड्डे राहतात आणि प्रत्येक लुअरला तिथे पुळी उठते. मी शाडूचा मासा करतो, त्याला व्हॅसलीन, आणि त्याच्याभोवती प्लास्टर. घट्ट झालं की माती कोरून काढावी लागते. म्हणजे मूळ मासा गेला, उरलं त्याचं पोकळ. मग पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे हात, एक वाळला की दुसरा, तरच आतून गुळगुळीत निघतो. प्लास्टरचा पृष्ठभाग मॅट असेल तर लुअरही मॅटच निघतं. मला खरं तर तसंच आवडतं, जास्त चकाकणारं लुअर दुकानातलं वाटतं.

दुपारी बोय ओतली. म्हणजे बोय माशाचं पिल्लू, बोटाएवढं. उघड्या साच्यात मासा उलटा असतो, पाठ खाली आणि पोट वर, म्हणून आधी काळपट हिरवा रंग आणि त्यावर पांढरा. मध्ये वेळ घालवायचा नाही, खालचा थर गरम असतानाच वरचा पडला पाहिजे, नाहीतर दोन थर धरत नाहीत आणि पहिल्याच फेकीला पाठ आणि पोट वेगळं होतं. आणि सुरुवात शेपटीपासून, नेहमी. शेपटीचा देठ सगळ्यात बारीक, तिथे प्लास्टिक सगळ्यात आधी गार होतं, म्हणून जे सगळ्यात गरम आहे ते तिथे गेलं पाहिजे. बारीक धार, न तोडता. साचा काठापेक्षा किंचित जास्त भरायचा कारण गार होताना ते आकसतं आणि पोटाला खळगा पडतो.

काढल्यावर पाण्यात टाकायचं आणि मग सरळ ठेवायचं. ताटात वाकडं पडलं तर जन्मभर वाकडंच पोहतं. आमच्याकडे देवघराशेजारच्या फळीवर आत्ता बोयांची रांग आहे, आईने त्यावर काही बोलायचं सोडून दिलंय.

मंगळवार

हौदात टेस्ट केली. हा माझा आवडता भाग आहे हे मान्य करतो, मासा लागण्यापेक्षाही कधी कधी.

जिग हेडवर, म्हणजे वजनाचं डोकं असलेल्या गळावर, लुअर नीट बसवायचं, गळ बरोबर मधून बाहेर आला पाहिजे, थोडा जरी बाजूला गेला तरी लुअर गोल गोल फिरतं. मग हौदात सोडून दांडीच्या टोकाने हळूहळू ओढायचं. दुकानातली बरीचशी पॅडल टेल, म्हणजे वल्ह्यासारखी चपटी शेपटीवाली लुअर्स, जोरात ओढली की मस्त हलतात, पण हळू ओढली की शेपटी मागे नुसती फरफटते. आणि खाडीत, खारफुटीच्या मुळांजवळ, जिताडा बसलेला असतो तिथे तुम्हाला हळूच ओढावं लागतं, तो पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरून बसणारा. तोंड उघडलं की आजूबाजूच्या पाण्यासकट आत ओढतो, वर टप्प असा आवाज येतो. लुअर मऊ असेल तर तोंडात धरून ठेवतो थोडा वेळ, कडक असेल तर लगेच थुंकतो. त्या थोड्या वेळातच आपलं काय ते.

तर शेपटीचा देठ. शाडूच्या माशाचा देठ बोटाने चिमटून जरासा बारीक केला, नवा साचा पाडला, आणि हळू ओढलं तरी शेपटी मारायला लागली, टक टक टक, दांडीच्या टोकापर्यंत जाणवतं ते हाताला. पण आता डोकंसुद्धा डोलायला लागलं. आणि इथे मी अडकलोय. कारण खरी बोय अशी डोलत नाही. जेट्टीच्या पायऱ्यांवर बसून बघा, ओहोटी लागली की कडेच्या पाण्यात टोळी फिरत असते, डोकं स्थिर, पाठ स्थिर, मागचा तेवढा भाग चालू. घाबरली की सगळ्या एकदम वळतात आणि एखादी पाण्याबाहेर उडते. मी इतकी वर्षं खाडीवर जातोय, पण बोयकडे फक्त जिवंत आमिष म्हणून बघायचो, पागात, म्हणजे फेकजाळ्यात, आली की बादलीत. तिची पाठ नक्की कुठे काळी आणि कुठून चंदेरी होते, कल्ला कुठे संपतो, हे साचा करायला लागल्यावर बघितलं. आता जेट्टीवर गेलो की मोठ्या माशाचं लक्षातही राहत नाही, मी खालच्या पायरीवर वाकून पिल्लं बघत बसतो आणि लोकांना वाटतं याची किल्ली पडली पाण्यात.

शेजारच्या कोळी काकांना दाखवलं. त्यांनी तळहातावर घेतलं, शेपटी ओढून सोडली, नाकाला लावलं. "अरे, ह्याला वास कुठंय?" बस्स, एवढंच. रंग, चमकी, दोन थर, कशाचं काही नाही. पण मुद्दा खोडता येत नाही. बाहेरचे लोक लसणाचा, बडीशेपेसारखा वास घालतात, मिळतो तसा विकत. मी सुकटीची पूड तेलात मुरवून ते तेल तयार लुअरला चोळणार आहे. गरम प्लास्टिकमध्ये पूड टाकायचा मोह होतो पण सुकट कितीही वाळलेली असो, तिच्यात ओल असतेच, आणि ओलीचं काय होतं ते वर लिहिलंय. चोळलेलं बरं. फक्त त्या पिशव्या घरात कुठे ठेवायच्या हा प्रश्न आहे.

गुरुवार

ऑफिसात एकाने विचारलं, किती पडतं रे एक लुअर? मी सांगितलं, जिग हेड सोडून, रंग, प्लॅस्टिसॉल बाहेरून मागवायचा खर्च, कस्टम, साचे, वीज, सगळं धरलं तर दुकानातलं स्वस्त. तो म्हणाला मग कशाला? मी म्हटलं तू रविवारी क्रिकेट खेळतोस त्याचे किती मिळतात.

या धंद्याची सुरुवात पण घरातच झाली म्हणतात. अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ साली मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतला. आणि गंमत म्हणजे कडक पीव्हीसी मऊ कसं करायचं हे त्याच अ‍ॅक्रनमध्ये १९२६ साली वॉल्डो सीमनला सापडलं होतं, बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत. तो शोधत होता रबर धातूला चिकटवणारा गोंद, आणि हाताला लागलं हे लवचिक काहीतरी. म्हणजे रबराच्या गावातून गांडूळ, आणि तिथून माझ्या पडवीत बोय. कपात ते घट्ट होऊन परत पातळ होताना बघतो तेव्हा मला हा गोंदवाला हमखास आठवतो.

एक गोष्ट मात्र डाचते. हे शेवटी पीव्हीसी आहे, ते कुजत नाही. खाडीत आधीच काय कमी आहे, ओहोटीला खारफुटीच्या मुळांना लटकलेल्या पिशव्या, चपला, गुटख्याची पाकिटं, त्यात मी आणखी शेपट्या टाकायच्या? म्हणून कंबरेला एक डबी असते, फाटलेलं, तुटलेलं सगळं त्यात, घरी आणून परत वितळवतो. एकदा वितळवलेल्याचे रंग मिसळून एक चिखली तपकिरी रंग तयार होतो आणि खरं सांगायचं तर गढूळ पाण्यात तोच चांगला चालतो. खारफुटीच्या मुळांत अडकून दोरा तुटला तर लुअर गेलं, त्याला इलाज नाही, पण जे हातात आहे ते तरी पाण्यात फेकू नये. जेट्टीवर उभं राहून वापरलेलं लुअर पाण्यात भिरकावणारे बघितले की डोकं सणकतं. दांडी पाच आकडी रकमेची, आणि खिशात एक पिशवी ठेवायला जड.

आणि हो, वेगवेगळ्या मटेरियलची लुअर्स एका डबीत ठेवू नका. प्लॅस्टिसायझर बाहेर येत राहतो, तो डबीच्या प्लास्टिकलाही खातो, आणि ते जे ताणलं तरी न तुटणारं इलॅस्टोमर लुअर मिळतं हल्ली ते यांच्याबरोबर ठेवलं तर दोन्ही मिळून एक चिकट गोळा. रंगही एकमेकांत उतरतात, काळ्याशेजारी पांढरं ठेवलं तर पांढऱ्याला डाग. ज्या पिशवीत आलं त्याच पिशवीत राहू दे.

शनिवार

पाऊस उघडलाय जरा. पाणी अजून लालच आहे पण भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस येतील पुढच्या आठवड्यात, ओढ कमी होईल, मग बघू.

डोकं डोलण्याचं उत्तर अर्धं मिळालं. देठ बारीकच ठेवला पण जिग हेडचं वजन थोडं वाढवलं आणि पोटाकडचा भाग जाड केला. आता डोकं पुष्कळ स्थिर आहे. पण वजन वाढलं म्हणजे लुअर लवकर खाली बसतं आणि मुळांत अडकतं, एक दिलं की दुसरं काढून घेतं. काही जण प्लास्टिकमध्ये बारीक मीठ घालून वजन वाढवतात, म्हणजे वजन सगळ्या अंगात सारखं बसतं, पण मिठाने लुअर लवकर फाटतं आणि रंग धूसर होतो. तेही करून बघायचंय, मीठ आधी कढईत कोरडं भाजून. कढई अर्थात माझी वेगळी.

पुण्याच्या मित्राचा सकाळीच फोन. त्याला बोय नकोय, तो धरणाच्या बॅकवॉटरला मरळ मासे मारतो, त्याला शेवाळावरून सरकत जाणारा बेडूक हवाय, मागचे पाय हलणारे, गळ लपलेला. दुकानातला पोकळ बेडूक दोन मरळींनंतर फाटतो म्हणे. पैसे देतो म्हणाला. पैसे नको म्हटलं, शाडू घेऊन ये पेणहून येताना.

बेडकाचं मॉडेल इथेच आहे, पडवीतल्या बादलीमागे रोज एक येऊन बसतो. आज त्याच्यासमोर पाट टाकून बसलो, मांडीवर मातीचा गोळा. मागचे पाय दुमडल्यावर गुडघा पाठीच्या किती वर येतो ते बघायचं होतं. तीनदा जवळ गेलो, तीनदा तो मायक्रोवेव्हखाली गेला.