डेल्फीचं हलवलेलं गाव

आज अथेन्सहून बसने डेल्फीला आलो. इथल्या प्राचीन ग्रीक देवस्थानाचे अवशेष भारीच आहेत, पण मला जास्त भिडलं ते हे रस्त्याकडेचं छोटं गाव, कारण ते मुळात इथे नव्हतंच! कास्त्री म्हणायचे त्याला, थेट अपोलो या ग्रीक देवाच्या देवळाच्या जागेवर वसलेलं, जुने कोरीव दगड लोकांच्या घरांच्या भिंतीत. १८७० च्या भूकंपात त्याचं बरंच नुकसान झालं, पुढे फ्रेंचांना उत्खननाची परवानगी द्यायची बोलणी वर्षानुवर्षं रखडली आणि त्यात अडलं कशावर, तर ग्रीसच्या मनुक्यांवरच्या फ्रेंच आयातकरावर! शेवटी १८९१ ला करार झाला, फ्रान्सने पैसे दिले आणि अख्खं गाव उचलून साधारण किलोमीटरभर पश्चिमेला आणलं. १८९२ ला खोदकाम सुरू झालं तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, करणारच ना, पिढ्यानपिढ्यांची घरं होती ती. १८९६ मध्ये रथ हाकणाऱ्या सारथ्याचा ब्राँझचा पुतळा सापडला, म्युझियममध्ये त्याच्या तांब्याच्या पापण्या अगदी जवळून पाहिल्या, एकेक केस वेगळा दिसतो! तरी कास्त्रीच्या माणसांची गोष्टही तेवढ्याच प्रेमाने सांगितली जावी असं फार वाटलं. इथे याल तर म्युझियम बघून लगेच बस पकडू नका, गावात एक चक्कर माराच.