डेरीतली बिस्किटं

"शांततेत एम.एस्सी.?" भाचीनं मागच्या वर्षी सांगितलं तेव्हा मी हसलेच होते. फिजिक्समध्ये असते, केमिस्ट्रीत असते. शांततेची कसली प्रॅक्टिकल्स घेणार? तर घेतात. त्यातल्या एकात मी नको तिथं तोंड घातलं, म्हणून हे लिहायला बसले. डब्लिनचे तीन दिवस आणि जायंट्स कॉजवेचे षटकोनी दगड ह्यांवर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. दगड छान आहेत. वारा फार.

यूकेमध्ये मोडणाऱ्या उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टहून बसनं दोनेक तासांत डेरी. घरी फोन केला तर ह्यांचा प्रश्न, "डेरी? दुधाची?" नावाचा घोळ तिथंही आहे, फक्त त्यावर कुणी हसत नाही. आयर्लंड एक व्हावं म्हणणारे, बहुतेक कॅथलिक, 'डेरी' म्हणतात; ब्रिटनशी नातं सांगणारे, बहुतेक प्रोटेस्टंट, 'लंडनडेरी'. येताना रस्त्यावरच्या पाट्यांवर 'लंडन' तेवढं कुणीतरी रंगानं बुजवलेलं दिसलं. मी दोन दिवस नुसतं "तुमचं गाव" म्हणून वेळ मारून नेली.

भाचीचं विद्यापीठ म्हणजे अल्स्टर, त्याचा इथला मॅगी कॅम्पस. १९९३ साली ह्या विद्यापीठानं आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठानं मिळून 'इन्कोर' नावाचं केंद्र काढलं. संघर्ष का पेटतात, निवतात कसे, निवल्यावर माणसं एकमेकांशेजारी कशी राहतात, हा त्याचा विषय. उत्तर आयर्लंडातल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट तंट्यात, तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांच्या नोंदी, भिंतीवरच्या चित्रांचे फोटो, लोकांच्या आठवणी असं सगळं विद्यापीठात जपून ठेवलंय. नोबेल मिळालेले जॉन ह्यूम इथं प्राध्यापक होते. ते ह्याच गावचे. भाचीनं सांगितलं की राजकारणात येण्याआधी, १९६० साली, ह्यूमनी चार लोकांबरोबर इथं पतपेढी उभी केली होती. पतपेढी म्हटल्यावर मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, धो धो पावसात, ती मला एका सभागृहात घेऊन गेली. कार्यक्रम एका स्थानिक गटाचा, विद्यार्थी फक्त बघायला. पंधरा-वीस खुर्च्या गोल मांडलेल्या. नियम एकच: एकानं आपली गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. प्रश्न नाही, वाद नाही, सल्ला नाही. आमच्या घरात हा नियम पाच मिनिटं टिकला नसता.

आधी बॉगसाइड ह्या इथल्या कॅथलिक मोहल्ल्यातल्या एक बाई बोलल्या. ऑगस्ट १९६९, त्या आठ वर्षांच्या. प्रोटेस्टंटांची मिरवणूक निघाली, दगडफेक झाली, पेट्रोल बॉम्ब उडाले, आणि तीन दिवस मोहल्ला पेटला. ह्यांचं काम दारोदार फिरून दुधाच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायचं. कशासाठी, ते त्यांना माहीत होतं आणि नव्हतंही. पुढच्या आठवड्यात आई दूधवाल्याला काय सांगणार, एवढीच काळजी होती, म्हणाल्या.

मग एक आजोबा. त्यांचं घर नदीच्या अलीकडे होतं. सत्तरच्या दशकात एका रात्री ट्रकमध्ये सामान भरून ते फॉइल नदीच्या पलीकडे गेले, तसे हजारो प्रोटेस्टंट गेले. पियानो ट्रकमध्ये मावला नाही. ते फक्त पियानोबद्दलच बोलले, दहा मिनिटं.

माझ्या डोळ्यांत पाणी. आता ही दोघं उठतील, हातात हात घेतील, असं वाटत होतं. कुणी उठेना. मला राहवलं नाही. "आता तुमची मैत्री झाली असेल ना?" मी विचारूनच टाकलं.

भाचीनं पायावर पाय दिला. बाई खिडकीकडे बघायला लागल्या. संयोजक म्हणाले, चहा घेऊया.

मला रागच आला. एवढं सांगायचं आणि मग गप्प बसायचं? चहाच्या रांगेत आजोबा माझ्या पुढे. मी माफी मागितली. ते म्हणाले, "अकरा वर्षं येतोय. पहिली दोन वर्षं तोंड उघडलं नाही. बिस्किटं चांगली असायची."

"आणि आता?"

"आता स्वस्तातली आणतात."

मागून त्या बाई म्हणाल्या, "फारच स्वस्तातली." एवढंच. जाताना दोघं वेगवेगळी गेली.

रात्री पीस ब्रिजवरून परतलो. २०११ साली झालेला, फक्त पायी आणि सायकलनं जायचा, नागमोडी पूल. एका टोकाला गिल्डहॉल हे नगरभवन, दुसऱ्याला ब्रिटिश लष्कराच्या जुन्या बराकी. फोटो बरे येतात, छत्री उलटते.

माझं माहेर भिवंडी. १९७० ची शिवजयंतीची मिरवणूक आणि दंगल आईकडून ऐकलेली, १९८४ ची स्वतः पाहिलेली. नंतर सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले, त्यांनी हिंदू-मुसलमानांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला समित्या काढल्या. आमचा दादा तिथं जाऊन बसायचा. मी त्याला हसायचे, कारण घरी येऊन तो सांगायचा काय, तर गटाराची झाकणं आणि लूमचा आवाज. दर बैठकीला तीच माणसं, तीच झाकणं. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली, तरी मी त्या झाकणांचा कधी विचार केला नव्हता.

म्हणून खोलीवर पोचताच दादाला फोन लावला. भारतात पहाट होती, तो वैतागला. पियानोचं सांगितलं, बिस्किटांचं सांगितलं. तो ऐकत होता की घोरत होता, कळेना. मग विचारलंन, "मिरवणूक चर्चवरून जाते तेव्हा वाजंत्रीचं काय करतात?"

मला कुठलं माहीत! भाचीला विचारलं. ती म्हणाली, बेलफास्टमध्ये काही चर्चसमोर बँडवर अट असते: पावलांच्या ठेक्यापुरता एकच ढोल.

"एकच?" दादा आता पूर्ण जागा झाला होता. "आणि पोरं ऐकतात?"

मी फोन भाचीकडे दिला. मामा-भाचीचं पाऊण तास चाललं, तिनं वही काढली. माझे बूट रेडिएटरवर तोवर वाळले होते.