आमच्या गावच्या तावेर्नांच्या वस्तू गोळा करताना

वस्तू पटापट मिळाल्या, आठवणी मिळेनात. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात एके काळी जवळपास प्रत्येक वाड्यावर तावेर्न, म्हणजे दारूचा छोटा गुत्ता, होती आणि ओढ्याच्या कडेने काजूची दारू गाळायच्या भाट्या. त्यांचं लहानसं प्रदर्शन वाचनालयात मांडायचं ठरवलं, आणि घरोघरी फिरताना कळलं की गावात कुणाच्याच घरात कधी तावेर्न नव्हती! ज्यांच्या पडवीत आजही लाकडी काउंटर आहे तेही म्हणाले, "आमच्याकडे सोडा आणि बिड्या मिळायच्या." एका काकांनी तर सरळ सुनावलं, "सोऱ्याचें नांव कित्याक काडटा रे?"

मग मी दारूबद्दल विचारणंच सोडलं. "लहानपणी कोळंबीत बोंडं कोण तुडवायचं?" एवढंच विचारायचो. कोळंबी म्हणजे काजूची बोंडं तुडवायची खोलगट जागा. लगेच गप्पा सुरू. पायांना बसणारा चीक, रस भरून कोदेंत, म्हणजे मातीच्या मडक्यात, आंबायला ठेवलेला, भाणाखाली, म्हणजे रस उकळायच्या भांड्याखाली, रात्रभर जळणारी लाकडं. वाफ निवून दारू जमते त्या भांड्यावर, लांवणीवर, सतत गार पाणी ओतायचं काम बायका-पोरांचं, आणि त्यात डुलकी लागली तर बापाची शिवी ठरलेली. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा गाळून फेणी. एवढं सांगून झालं की तावेर्न आपसूक यायची.

तांब्याचं भाण मिळवणं सगळ्यांत कठीण. तांब्याला किलोवर भाव मिळतो, त्यामुळे बहुतेक भाणं भंगारवाल्यांनी कधीच नेली. आम्हाला एक गोठ्याच्या माळ्यावर मिळालं. त्याच्या गळ्याला वारुळाची माती अजून चिकटलेली होती. वाफ निसटू नये म्हणून सांधा त्याच मातीने लिंपतात. मदतीला आलेला मुलगा ती घासून काढायला निघाला, त्याला थांबवलं. तांबं चकचकीत करून कुणाला काय दाखवायचं होतं?

कागदांचा अनुभव वेगळा. जुन्या परवान्यांच्या नोंदींसाठी एका कार्यालयात अर्ज दिला. या टेबलावरून त्या टेबलावर फिरल्यावर तोंडी उत्तर आलं, तेवढं जुनं दप्तर नाही. परवाने शेवटी घरांतच सापडले, ट्रंकेत, जमिनीच्या कागदांच्या मध्ये. असं काही करणाऱ्यांनी आधी तिथे बघावं. अबकारी इथे नवी नाही. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून इंग्रजी पद्धतीचे मिठाचे आणि दारूचे नियम गोव्यात आले, आणि परवाना जपून ठेवायची सवय मागे राहिली असावी.

पण ज्या वस्तूने मला सगळ्यांत जास्त अडवलं ती म्हणजे उधारीची वही. लांबट, लाल कापडी बांधणीची, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. नावापुढे पेल्यांच्या उभ्या रेघा, पाच झाल्या की त्यांवर आडवी, आणि समासात 'बी विकल्यावर'. काजूबिया विकल्या जाईपर्यंत अख्खा वाडा उधारीवर प्यायचा. पुढच्या पानांवर खाणीवरच्या मजुरांची नावं, पगाराच्या तारखेला एकदम खोडलेली. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि ट्रकांच्या रस्त्यावरची उरलेली तावेर्नही बंद झाली.

वहीतल्या कित्येकांचे नातू आज गावातच आहेत. आजोबांच्या नावापुढच्या रेघा सगळ्यांसमोर मांडायच्या का? मित्र म्हणाले, इतिहास आहे, मांड. मला ते पटेना. ज्यांच्या सासूने ती तावेर्न चालवली त्या आजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "नांवां धांपून दवर पुता, रेघो दिसूं दी." नावांच्या रकान्यावर कागदाची पट्टी लावली, आणि लोकांची सर्वाधिक गर्दी त्याच पानापाशी झाली. पट्टी उचलून बघायचा प्रयत्नही झाला, अर्थात.

सभागृह द्यायला आधी एका संस्थेने नकार दिला होता, 'संस्कार' वगैरे कारणं सांगून. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि 2016 मध्ये सरकारने तिला राज्याचं वारसा पेय म्हटलंय, हे त्यांना सांगून उपयोग झाला नाही. वाचनालयाने जागा दिली ती फुकट. फक्त बाटल्या रिकाम्या हव्यात, एवढी अट घातली.

भाण उसनं होतं. हंगाम जवळ आला तसा मालकाचा निरोप आला, लवकर पोचवा, पुतण्याने यंदा पावणीत, म्हणजे काजूच्या लिलावात, भाग घेतलाय.