एक्क्यांची जोडी टाकली
आज रात्री हातात एक्क्यांची जोडी असताना पानं टाकली, म्हणजे डाव सोडला, आणि मनापासून बरं वाटलं. (न्यू जर्सीत २०१३ पासून ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे, मी दोन-पाच सेंटच्या टेबलावर खेळतो.)

समोरचा सुरुवातीपासून नुसता कॉल करत (माझ्याइतकेच पैसे लावत) आलेला. रिव्हरला, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पानाला, बदामाचं तिसरं पान उतरलं; त्याच्या हातात आणखी दोन बदाम असतील तर माझे एक्के हरले. दोन डॉलरच्या पॉटमध्ये (जमलेल्या पैशांत) मी एक लावला, त्याने थेट चार! आणखी तीन भरले की पॉट दहाचा, म्हणजे दहापैकी तीनदा तरी मी जिंकायला हवं. पण इतका शांत खेळाडू शेवटी अचानक रेझ करतो (रक्कम वाढवतो), तेव्हा ती थाप क्वचितच असते. या छोट्या टेबलांवर लोक कॉल कशावरही करतात, रिव्हरचा रेझ मात्र हात पक्का असल्याशिवाय सहसा नाही. त्याने पानं दाखवली नाहीत. उद्या हाच डाव आला तरी टाकेन.